शॉर्ट नोज की लाँग नोज? जुन्या १.६ मियाटाचा क्रँक आधी ओळखा

मियाटा, एमएक्स-५ आणि युनोस रोडस्टर ही माझदाच्या एकाच गाडीची अमेरिका, युरोप आणि जपानमधली नावं. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. उघडमीट करणाऱ्या दिव्यांची ही पहिली पिढी १९९७ पर्यंत बनत राहिली. सगळ्यात जुन्या गाड्यांनी आता पस्तिशी ओलांडली आहे, त्यामुळे घरच्या गॅरेजात या गाड्या उघडून बसणारेही वाढलेत. १.६ लिटरची गाडी घेतली असेल तर रंग, हूड, सीट यांचं नंतर बघू. आधी क्रँकशाफ्टचं, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, नाक आखूड (शॉर्ट नोज) आहे की लांब (लाँग नोज), हे पाहून घ्या.

नाक म्हणजे क्रँकशाफ्टचं पुढचं टोक. त्यावर टायमिंग बेल्टचं दातेरी चाक बसतं, चाकापुढे पुलीचा मधला भाग, म्हणजे बॉस. हे सगळं एक मोठा बोल्ट दाबून धरतो. चाक नाकावर सरकू नये म्हणून खोबणीत एक पोलादी चावी असते. दोन्ही प्रकारांत रचना हीच, म्हणूनच गोंधळ होतो. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये नाक आखूड आणि खोबण छोटी, त्यामुळे चाकाला आणि बॉसला धरायला जागा कमी. १९९१ च्या सुमारास माझदाने नाक लांब केलं, चावीला जास्त पकड दिली आणि बोल्टचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोरही वाढवला. नंतर आलेल्या १.८ लिटरच्या बीपी इंजिनात हा प्रश्नच नाही.

गाडीच्या वर्षावरून मात्र निकाल लावू नका. कागदावर १९९० आणि बॉनेटखाली १९९२ चं इंजिन, असं सर्रास दिसतं. खात्रीची खूण पुलीवरच आहे. इंजिन बंद करा, रेडिएटर आणि इंजिनाच्या मधल्या फटीत टॉर्च मारा, फोन खाली सोडून बॉसचा समोरून फोटो घ्या. मधल्या बोल्टभोवती बॉसला चार खाचा असतील तर शॉर्ट नोज, आठ असतील तर लाँग नोज. पुलीला बॉसशी जोडणारे १० मिलिमीटर डोक्याचे छोटे बोल्टही चारच असतात, ते खाचा म्हणून मोजू नका. जुन्या तेलाचा थर असेल तर आधी ब्रेक क्लीनर मारून पुसून घ्या.

आखूड नाक म्हणजे इंजिन बाद, असं नाही. न उघडलेला शॉर्ट नोज लाखो किलोमीटर निमूट चालतो. पुढचं ऑइल सील किंवा टायमिंग बेल्ट बदलायला कुणी तो मधला बोल्ट काढतो आणि परत नीट आवळत नाही, तिथून खरी भानगड सुरू होते. इंजिनाचा जोर चावीने पेलायचा नसतो. बोल्टच्या दाबामुळे चाक आणि नाक यांत जी पकड तयार होते, तिने तो पेलायचा असतो. दाब कमी पडला की चाक केसभर हलू लागतं, चावी खोबणीच्या कडेवर आदळत राहते आणि कडा झिजते. लांब नाकातही हे होऊ शकतं, पण तिथे पकडीला जागा जास्त असल्याने चूक बरीच पचते.

टॉर्कचे आकडे गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवावेत असे आहेत. शॉर्ट नोजला १०८ ते ११८ न्यूटन-मीटर, लाँग नोजला १५७ ते १६७. पुढच्या वर्षाचं मॅन्युअल हाताशी आहे म्हणून आखूड नाकावर १६० लावलं तर बोल्ट ताणला जातो किंवा आटे जातात. उलट लांब नाकावर ११० वर थांबलात तर बोल्ट ढिलाच राहिला समजा. बोल्ट, चावी, दातेरी चाक आणि बॉस हे भाग दोन प्रकारांत अदलाबदल करता येत नाहीत. ऑर्डर देताना ‘१.६ चा’ एवढंच सांगून भागत नाही.

आवळताना इम्पॅक्ट गन नको, टॉर्क पानाच हवा. पाचवा गिअर टाकून जोडीदाराला ब्रेक दाबून धरायला सांगा. सोडवताना लांब दांड्याचा पाना जमिनीला टेकवून स्टार्टर मारायची एक जुनी युक्ती आहे. शॉर्ट नोजवर ती अजिबात नको. तो झटका नेमका त्याच खोबणीला बसतो.

आता निदान. पिकअप गेलेला आहे, आयडल जवळजवळ ठीक आहे, पण रेस दिली की गाडी ओढत नाही. अशा वेळी बहुतेक जण टायमिंग लाइट, म्हणजे स्पार्कच्या क्षणी चमकणारा दिवा, लावतात, डायग्नोस्टिक बॉक्समध्ये टीईएन आणि जीएनडी ही दोन टोकं जोडतात, खूण १० अंशांवर बघतात आणि इग्निशनवरचा संशय सोडून देतात. शॉर्ट नोजमध्ये इथेच फसगत होते. पुलीची खूण आणि टायमिंग बेल्टचं चाक एकाच चावीवर बसलेले असतात. चावी मागे सरकली की दोन्ही मिळून मागे जातात. चाकाबरोबर व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट, कॅमशाफ्टबरोबर स्पार्कची वेळ ठरवणारा अँगल सेन्सर आणि स्पार्क. लाइट प्रामाणिकपणे १० अंश दाखवतो, पण पिस्टनच्या हिशोबाने स्पार्क आणि व्हॉल्व्ह दोन्ही उशिरा चाललेले असतात.

म्हणून पिस्टनलाच विचारा. चारही प्लग काढा आणि सगळ्यात पुढच्या, म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरमध्ये लाकडी चॉपस्टिक सोडा. स्क्रूड्रायव्हर नको, ओरखडे पडतात. समोरून पाहता घड्याळाच्या दिशेने क्रँक हाताने फिरवा. पिस्टन वर पोहोचल्यावर काही अंश तिथेच रेंगाळल्यासारखा वाटतो, त्यामुळे ‘सगळ्यात वर’ डोळ्याने ठरवू नका. काडीवर एक रेघ मारा. वर येताना ती रेघ प्लगच्या भोकाच्या कडेला लागते तिथे पुलीवर एक खूण करा, आणि वरून परत खाली जाताना लागते तिथे दुसरी. या दोन खुणांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी, पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा. टायमिंग कव्हरवरच्या टी या अक्षरासमोर तेव्हा पुलीची मूळ खूण यायला हवी. चार-पाच अंशांचा फरक असेल तर बोल्ट काढून बघावंच लागेल.

पुली डोळ्यांना डुगडुगताना दिसते, तेव्हाही घाई नको. पुलीत रबराचा थर असेल आणि तो सुटला असेल, तर बाहेरचं कडं वेडंवाकडं फिरतं, पण मधला बोल्ट आणि बॉस सरळ फिरतात. ते काम नव्या पुलीवर भागतं. बोल्टही गोल गोल झुलत असेल तर मात्र नाक गेलं. बॉस काढल्यावर चाकाच्या आत तांबूस बारीक पूड, खोबणीच्या कडेला उचललेली किनार आणि नवी चावी बसवूनही बोटाने जाणवणारी हालचाल, ही त्याची लक्षणं.

झीज थोडी असेल तर लॉकटाइट ६६० हा धातूचे भाग चिकटवणारा लेप वापरून नाक वाचवता येतं. हा राखाडी लेप अर्ध्या मिलिमीटरपर्यंतची फट भरतो. फट त्याहून मोठी असेल तर नाद सोडा. नवी चावी, नवं चाक, नवा बॉस आणि नवा बोल्ट लागेलच. नाक आणि चाक अॅसिटोनने पुसा, तेलाचा अंश राहिला तर लेप धरत नाही. आधी सगळं कोरडं जुळवून पाहा. चावी खोबणीच्या न झिजलेल्या बाजूला टेकवा आणि चाकाची खूण खऱ्या टीडीसीशी जुळते का ते तपासा. मग लेप लावून बसवा, ऑइल सीलवर आलेला जादा लेप पुसा, टॉर्क द्या आणि २४ तास इंजिनाला हात लावू नका. नंतर हे चाक काढायचं झालं तर सुमारे २५० अंश सेल्सिअस उष्णता द्यावी लागेल, म्हणून सील याच वेळी बदला.

नुसता क्रँक बदलायचा म्हणजे अख्खं इंजिन खोलणं आलं. तेवढ्या मेहनतीपेक्षा लाँग नोजचं पूर्ण १.६ इंजिन बसवणं सोपं. ताकद वाढवायची असेल तर हिशोब वेगळा आहे. धडधाकट शॉर्ट नोजवर माफक टर्बो चालतो, कारण तो एक्झॉस्टवर फिरतो. सुपरचार्जरचा बेल्ट मात्र थेट त्याच नाकाला ओढतो, तिथे लाँग नोजच हवा. १.८ चं बीपी इंजिन घातलंत तर १.६ चा गिअरबॉक्स जुळतो, पण क्लच २०० ऐवजी २१५ मिलिमीटरचा, त्यामुळे फ्लायव्हील आणि क्लच त्या इंजिनाबरोबरच उचला. मागच्या चाकांना जोर वाटून देणारा डिफरेन्शियलही बघा. १.६ च्या मूळ डिफरेन्शियलची रिंग ६ इंची आणि नाजूक, १.८ बरोबर आलेली ७ इंची. जोर वाढल्यावर आधी तीच ६ इंची रिंग दात सोडते.