बागेतल्या मोफत वर्गात तोल कसा सुधारतो

शहरांतल्या बऱ्याच बागांत सकाळी सहा-साडेसहाला ज्येष्ठांचा व्यायामवर्ग भरतो. फी नसते, सतरंजी घेऊन आलं की झालं. अशा वर्गात उभं राहून, शरीर जरा डळमळेल असं काही किती वेळ चालतं ते एकदा घड्याळ लावून पाहावं. पुष्कळ ठिकाणी प्राणायाम, मान-खांद्यांचे व्यायाम आणि टाळ्या यांतच वेळ संपतो. त्याचे फायदे आहेतच, पण पडता पडता सावरण्याची क्षमता त्याने वाढत नाही. ती वाढवायची तर रोजच्या वर्गातला निदान अर्धा तास पायांवर उभं राहून घालवायला हवा.

उभं असताना शरीर कधीच पूर्ण स्थिर नसतं. घोट्यांवर ते सतत पुढेमागे किंचित झुलत असतं. याची खबर मेंदूला डोळ्यांकडून, आतल्या कानाकडून आणि तळपाय, घोटे व स्नायूंमधल्या चेतातंतूंकडून मिळते. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोकं वळल्याचं सांगतात. शेजारच्या दोन पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात, त्यांच्यावरून डोकं कललेलं कळतं. वयाबरोबर या सगळ्याच खबरा मंदावतात. मोतीबिंदूने नजर धूसर होते, जुन्या मधुमेहात किंवा बी-१२च्या कमतरतेत तळपाय बधिर होतात. शिवाय स्नायूंमधले झटकन आकुंचन पावणारे तंतू आधी झिजतात. ठेच लागल्यावर दुसरा पाय चटकन पुढे टाकायला हेच तंतू लागतात. त्यामुळे रोज तासभर सावकाश फिरणारा माणूसही उंबऱ्याला अडखळून पडू शकतो.

कॉक्रन ही वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारी संस्था. तिच्या २०१९च्या आढाव्यात अशा १०८ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. तोलाचे आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. नुसत्या चालण्याबद्दल असा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. चालणं सोडायचं नाही, पण तेवढ्यावर थांबायचंही नाही. याच विषयावरच्या दुसऱ्या एका विश्लेषणात तोलाला खरं आव्हान देणारे आणि आठवड्याला तीन तासांहून जास्त चालणारे वर्ग सर्वांत परिणामकारक ठरले. रोज अर्धा तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे तीन तास होतात. पैसे मोजून हे वर्षानुवर्षं करणं फार थोड्यांना जमतं. मोफत वर्गाचं मोल आम्हाला इथेच सर्वांत जास्त वाटतं.

वर्गात आल्यावर आधी प्रत्येकाचा तोल तपासावा. डोळे उघडे, आधार नाही, प्रत्येक स्थितीत १० सेकंद. पहिल्यांदा पावलं जुळवून. मग एका पायाचा अंगठा दुसऱ्याच्या आतल्या कमानीला टेकवून. नंतर एकाच रेषेत, टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावून. शेवटी एका पायावर. ज्यांना तिसरी स्थिती १० सेकंद टिकवता येत नाही त्यांना पडण्याचा धोका जास्त असतो. त्यांची जागा कायम भिंतीजवळ किंवा पक्क्या कठड्याजवळ ठेवावी.

सर्वांत उपयोगी व्यायाम खुर्चीतून उठण्याचा. बैठक साधारण ४३ सेंटिमीटर उंच, खुर्ची भिंतीला टेकवलेली. बागेतला सिमेंटचा बाकही चालतो. हात छातीवर, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे. पुढे झुकून नाक पायाच्या बोटांच्या वर आणायचं, मग उठायचं, आणि तीन आकडे मोजत सावकाश बसायचं. ८ ते १० वेळा, दोन फेऱ्या. उठता येत नाही अशी तक्रार करणाऱ्यांची पावलं बहुधा फार पुढे असतात, किंवा पाठ ताठ ठेवून उठायचा प्रयत्न चाललेला असतो.

त्यानंतर टाचा उचलणं आणि चवडे उचलणं, दहा-दहा वेळा. चवडा उचलणारा नडगीचा स्नायू अशक्त झाला की पाऊल घासत पडतं आणि फरशीच्या कडेला अडकतं, म्हणून हा दुसरा भाग वगळू नये. मग कठड्यालगत टाचेला चवडा लावत दहा पावलं, आडवं चालणं, आणि दोन मीटरवर ठेवलेल्या दोन बाटल्यांभोवती आठचा आकडा काढत चालणं.

आधार टप्प्याटप्प्याने कमी करायचा: दोन तळवे, मग एक तळवा, मग फक्त बोटं, मग कठड्याच्या वर नुसता तयार हात. एक टप्पा सहज जमला तरच पुढचा. त्यानंतर मान डावी-उजवीकडे वळवत किंवा १००पासून तीन-तीन कमी करत उलटं मोजत चालून पाहावं. डोळे मिटून उभं राहायचं तर पाठीशी भिंत आणि शेजारी माणूस हवाच.

वर्ग बिघडतो तो बहुतेकदा माईकवरच्या गणतीने. आकडे भराभर पडले की लोक झोक्याने हालचाल उरकतात आणि स्नायूंना काम उरत नाही. काहीजण कठड्यावर सगळं वजन टाकतात, काही सारखे पावलांकडे बघतात, काही श्वास रोखतात. सपाता नकोत, मागे पट्टा असलेली पादत्राणं हवीत. साडीच्या निऱ्या घोट्याच्या वर खोचाव्यात. दुहेरी काचेच्या चष्म्याच्या खालच्या भागातून पायरी धूसर दिसते, त्यामुळे उतरताना जपावं.

शवासन शेवटी ठेवावं आणि त्यानंतर तोलाचा व्यायाम घेऊ नये. आडवं पडून एकदम उठल्यावर रक्तदाब उतरतो, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना तर हे जास्त जाणवतं. कुशीवर वळून, मिनिटभर बसून मगच उभं राहावं. उठताना नेहमी चक्कर येणाऱ्यांनी, झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि वर्षभरात पडलेल्यांनी वर्गाआधी डॉक्टरांशी बोलावं.

पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं, तेव्हा वर्ग समाजमंदिरात, विरंगुळा केंद्रात किंवा सोसायटीच्या कोरड्या पार्किंगमध्ये हलवावा. चार महिने खंड पडला तर कमावलेला तोल बराचसा ओसरतो. खंडानंतर परतणाऱ्याने थेट एका पायावर उभं न राहता पुन्हा कठड्यावर दोन्ही तळवे ठेवून सुरुवात करावी.