वाटेतच निम्मं होणारं औषध

खारघरच्या टाटाच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर संशोधन-उपचार केंद्रात येणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांकडे फाइलबरोबर बरेचदा एक प्लॅस्टिकची पिशवी असते. तीत काचेच्या स्लाइड्स आणि मेणाचा ब्लॉक. आधी ठाण्यात किंवा कल्याणला केलेल्या बायोप्सीचा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा तुकडा त्या मेणात बसवलेला असतो. फुप्फुसाच्या कॅन्सरचे पुढचे उपचार त्यावर ठरतात, आणि कधी कधी तो पहिल्या तपासण्यांतच संपतो. मग पुन्हा सुई. सीटीवर बघत बरगड्यांमधून घालायची, आणि फुप्फुसातून हवा गळण्याचा धोका पत्करायचा.

एवढा खटाटोप मुख्यतः म्युटेशन, म्हणजे जनुकातला बदल, शोधण्यासाठी. पेशीवरचं ईजीएफआर नावाचं प्रथिन बाहेरून इशारा मिळाला की पेशीला वाढायला सांगतं. त्याच्या जनुकात ठरावीक बदल झाले, की दारावर कुणी नसतानाही बेल वाजत राहावी तसा हा इशारा थांबतच नाही. हे बदल असलेल्यांनाच हा इशारा रोखणाऱ्या गेफिटिनिबच्या गोळ्या उत्तम लागू पडतात, हे २००४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. भारतात फुप्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमा या प्रकारच्या कॅन्सरच्या साधारण चौथ्या हिश्शाच्या रुग्णांत ते सापडतात. जनुकाच्या एक्झॉन १९ या भागातला गळालेला तुकडा आणि एल८५८आर नावाचा एका जागेवरचा बदल, बहुतेकांत या दोनांपैकी एक.

पण सुई जाते एकाच गाठीत. यकृतातल्या किंवा मणक्यातल्या गाठीचं काय? रक्ततपासणीत म्युटेशन कळू शकतं, ते कुठल्या गाठीत आहे हे मात्र कळत नाही. नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये साखरेसारखा रेणू टोचतात. साखर ओढणारी प्रत्येक जागा उजळते, त्यात टीबीचीही. आपल्याकडे ही मोठीच पंचाईत आहे.

म्हणून संशोधकांनी ईजीएफआरवर चालणाऱ्या औषधालाच किरणोत्सारी अणू जोडायला सुरुवात केली. अणूतून निघालेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोन्ही नाहीसे होतात आणि ठरावीक ऊर्जेचे दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात. पेशंटभोवतीचं डिटेक्टरचं कडं ते एकाच वेळी पकडतं आणि औषध कुठे चिकटलंय ते समजतं. ॲमस्टरडॅममध्ये कार्बन-११ हा किरणोत्सारी अणू जोडलेलं एर्लोटिनिब हे असंच औषध वापरलं, तेव्हा म्युटेशन असलेल्या गाठींनी ते जास्त धरून ठेवलं. २०१८ मध्ये चीनमधल्या गटाने फ्लोरिन-१८ लावलेल्या रेणूचे रुग्णांमधले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

कागदावर सोपं वाटतं. अडचण घड्याळाची. वाशीच्या ब्रिट या किरणोत्सारी पदार्थ पुरवणाऱ्या सरकारी संस्थेतून देशभर जाणाऱ्या आयोडीन-१३१ला निम्मं व्हायला आठ दिवस लागतात, ते निवांत विमानाने गुवाहाटी गाठू शकतं. कार्बन-११ वीस मिनिटांत निम्मं होतं, म्हणजे असे अणू बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, शेजारच्या खोलीतच हवं. फ्लोरिन-१८ला ११० मिनिटं मिळतात. मुंबईहून सकाळी आठला निघालेली शिशाची पेटी वाशी खाडीपुलावर अडकून दहाला दहा कमी असताना खारघरला पोचली, तर आत निम्मंच उरलेलं असतं. त्याआधी अणू जोडणं, शुद्धीकरण, तपासणी, यात वेळ गेलेला असतो तो वेगळाच.

दुसरी अडचण यकृताची. असे बरेच रेणू तेलात सहज विरघळणारे असतात. ते यकृत-पित्तावाटे बाहेर पडतात आणि यकृत इतकं उजळतं की तिथली गाठ झाकली जाते. शिवाय निरोगी त्वचेतही ईजीएफआर असतंच, त्यामुळे नुसतं प्रथिन शोधून भागत नाही, बिघडलेलं ओळखावं लागतं. प्रयोगशाळेत हे उंदरांवर पडताळतात: एकात एचसीसी८२७ पेशींची गाठ, जिच्यात एक्झॉन १९ चा तुकडा गळालेला, आणि दुसऱ्यात ए५४९ पेशींची, जिच्यात ईजीएफआर धडधाकट. पहिली उजळली आणि दुसरी अंधारी राहिली तरच पुढे जायचं.

माझ्या मते याचा खरा उपयोग पहिल्या निदानापेक्षा नंतर आहे, औषधाला दाद न देणारी गाठ कुठली हे शोधताना. आणि तिथेच गुंता आहे. ऑसिमर्टिनिब हे ईजीएफआरवरचं नंतरचं औषध प्रथिनातल्या ज्या ७९७ क्रमांकाच्या सिस्टीन या घटकाला पक्कं चिकटतं, तोच बदलला तर त्याच जागेवर भिस्त असलेला प्रोबही, म्हणजे स्कॅनसाठी टोचलेला किरणोत्सारी रेणूही, धड टिकत नाही. गाठ अंधारी दिसते, म्युटेशन तिथेच असतं. पेशंट गोळ्या घेत असेल तर आणखी एक भानगड. रोजच्या ऑसिमर्टिनिबच्या गोळीत ८० मिलिग्रॅम औषध, स्कॅनच्या इंजेक्शनात मोजके मायक्रोग्रॅम. गोळीने आधीच जागा अडवलेल्या असतात, त्यामुळे स्कॅनसाठी ती थांबवायची का आणि किती दिवस, हे डॉक्टरांना प्रत्येक पेशंटसाठी ठरवावं लागेल.