जादा प्रश्न आणि हुकलेली डोकी

‘ही व्यक्ती अमेरिकेची नागरिक आहे का?’ या अमेरिकी सरकारी पाहणीतल्या प्रश्नाखाली पाच चौकटी असतात. हो, अमेरिकेत जन्म. हो, प्वेर्तो रिको, ग्वाम, यूएस व्हर्जिन आयलंड्स किंवा नॉर्दर्न मारियानामध्ये जन्म. हो, जन्म परदेशात, पण आई किंवा वडील अमेरिकी नागरिक. हो, नंतर रीतसर नागरिकत्व घेतलं. आणि पाचवी, नाही.

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एच-१बी व्हिसावर राहणारा मराठी इंजिनिअर पाचव्या चौकटीत खूण करतो. ग्रीन कार्ड मिळालेली त्याची शेजारीणही तिथेच खूण करते आणि ज्याच्याकडे कसलेच कागद नाहीत असा कामगारही तिथेच. देशात कोण कायदेशीर आहे आणि कोण बेकायदा, हे या प्रश्नातून कळतच नाही. तरीही २०२० च्या जनगणनेत तो घालायचा की नाही, यावरून मार्च २०१८ पासून जुलै २०१९ पर्यंत अमेरिकेत कोर्टकचेऱ्या चालल्या. राजकारणाचा भाग त्या वेळी भरपूर गाजला. मोजणीच्या शास्त्राचा भाग मात्र मागे पडला, आणि खरं तर तोच जास्त सांगण्यासारखा आहे.

अमेरिकी राज्यघटनेला दर दहा वर्षांनी प्रत्यक्ष मोजणी हवी असते. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीनुसार प्रतिनिधिगृहातल्या जागांची वाटणी प्रत्येक राज्यातल्या सर्व व्यक्तींच्या संख्येवर होते. त्यात नागरिक आणि बिगर-नागरिक असा भेद नाही. जागा ४३५. प्रत्येक राज्याला आधी एक जागा मिळते. उरलेल्या ३८५ जागांसाठी राज्याच्या लोकसंख्येला √(न × (न−१)) ने भागतात. ‘न’ म्हणजे राज्याला मिळू शकणारी पुढची जागा कितवी ते. दुसऱ्या जागेसाठी भाजक १.४१४, तिसरीसाठी २.४४९. ज्याचा भागाकार मोठा, त्याला जागा. २०२० मध्ये शेवटची, ४३५ वी जागा मिनेसोटाला गेली आणि न्यूयॉर्कची हुकली. न्यूयॉर्कमध्ये आणखी ८९ माणसं मोजली गेली असती, तर ती जागा न्यूयॉर्ककडे राहिली असती. एका जागेमागे सरासरी ७,६१,१६९ माणसं असतात, तिथे हा ८९ चा फरक. काही हजार डोकी कुठे निसटतात याची आकडेशास्त्रज्ञांना एवढी चिंता का, ते यावरून समजावं.

डोकी निसटतात तरी कशी? आधी घरी पत्र येतं, त्यात एक कोड असतो. घरातल्या कुणीतरी ऑनलाइन, फोनवर किंवा कागदावर माहिती भरायची. भरली नाही तर आठवणीची पत्रं, आणि तरीही नाही तर प्रगणक दारात. २०२० मध्ये एका घरी जास्तीत जास्त सहा खेपा ठरल्या होत्या. पहिली खेप फुकट गेली, तर करविभाग किंवा सोशल सिक्युरिटी या सरकारी निवृत्तिवेतन योजनेच्या नोंदीतून घरात कोण राहतं हे पक्कं कळतंय का, ते पाहिलं जाई. तिसऱ्या खेपेनंतर शेजाऱ्याला किंवा इमारतीच्या व्यवस्थापकाला विचारायची मुभा होती. काहीच जमलं नाही, तर जवळच्या मिळत्याजुळत्या घरावरून आकडा भरून टाकतात.

खाली उतरावं तशी माहिती भेसळीची होत जाते. २०१० च्या जनगणनेनंतरच्या पडताळणीत, टपालाने आलेल्या फॉर्मवरच्या नोंदींपैकी ९७.३ टक्के अचूक निघाल्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून घेतलेल्या नोंदींपैकी फक्त ७० टक्क्यांच्या आसपास. शेजाऱ्याला नवरा-बायको माहीत असतात. मागच्या खोलीतला पोटभाडेकरू आणि सहा महिन्यांचं बाळ त्याच्या हिशोबात येत नाही. त्यामुळे कोणत्याही नव्या प्रश्नाबाबत जनगणना करणारा सेन्सस ब्युरो आधी हेच पाहतो की, त्या प्रश्नापायी किती घरं स्वतःहून फॉर्म भरायची थांबतील.

हा प्रश्न नवा नाही, असं समर्थक म्हणत. ते अर्धं खरं आहे. १९५० मध्ये तो होता, पण परदेशात जन्मलेल्यांनाच. १९७० ते २००० या काळात तो नमुन्यातल्या घरांना जाणाऱ्या लांब फॉर्मवर राहिला. २००५ पासून तो अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या वेगळ्या पाहणीत आहे. ती आता वर्षाला सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जाते. २०१० च्या सर्वांसाठीच्या छोट्या फॉर्मवर तो नव्हता.

डिसेंबर २०१७ मध्ये न्याय खात्याने पत्र लिहून मतदान हक्क कायद्याच्या अंमलबजावणीसाठी हा प्रश्न मागितला. कोणत्या मतदारसंघात अल्पसंख्य मतदार किती, हे दाखवायला मतदानाच्या वयाच्या नागरिकांची संख्या लागते, आणि ती ब्लॉकच्या, म्हणजे जवळपास गल्लीच्या पातळीवर हवी, असं कारण दिलं. वाणिज्य मंत्री विल्बर रॉस यांनी २६ मार्च २०१८ ला ते मान्य केलं. त्याआधीच, १९ जानेवारीला, सेन्सस ब्युरोचे मुख्य शास्त्रज्ञ जॉन अबाउड यांनी लेखी कळवलं होतं की हे करू नये.

प्रश्न न विचारता त्याचा परिणाम त्यांनी मोजला कसा, हे बघण्यासारखं आहे. २०१० मध्ये काही घरांना दोन फॉर्म गेले होते: नागरिकत्वाचा प्रश्न नसलेला जनगणनेचा आणि तो असलेला कम्युनिटी सर्व्हेचा. सर्व सदस्य नागरिक असलेल्या घरांत दुसऱ्या फॉर्मला स्वतःहून मिळणारा प्रतिसाद शंभरामागे १३.८ घरांनी कमी होता. निदान एक बिगर-नागरिक असलेल्या घरांत ही घट १८.९. लांब फॉर्मचा कंटाळा दोघांनाही सारखाच, असं धरलं तर उरलेला ५.१ चा फरक त्या प्रश्नाच्या धास्तीचा. त्यावरून अंदाज निघाला: आणखी ६,३०,००० घरांपर्यंत प्रगणक पाठवावे लागतील आणि किमान २.७५ कोटी डॉलर जास्त लागतील.

या पद्धतीत एक कच्चा दुवा आहे. लांब फॉर्मवर उत्पन्न, घरभाडं, शिक्षण असे डझनावारी प्रश्न असतात. त्यांचा धाकही बिगर-नागरिकांना जास्त वाटत असू शकतो. याचा निकाल प्रयोगानेच लागणार होता, आणि जून २०१९ मध्ये ब्युरोने तो केला. सुमारे ४,८०,००० घरं यादृच्छिक पद्धतीने निम्मी-निम्मी वाटली. अर्ध्यांना प्रश्नासह फॉर्म, अर्ध्यांना प्रश्नाविना. प्रश्नासह प्रतिसाद ५१.५ टक्के, प्रश्नाविना ५२.०. फरक इतका थोडा, की संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो धरता येत नाही. समर्थकांनी हा आकडा उचलून धरला. देशभराची सरासरी म्हणून तो बरोबरच आहे. पण बिगर-नागरिक जास्त असलेल्या आणि बहुतांश हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मूळच्या लोकांच्या) वस्तीच्या भागांत घट कसोटीला उतरण्याइतकी दिसली. जागांच्या वाटणीत सरासरीला अर्थ नाही. घट कुठे झाली यावर सगळं अवलंबून असतं. शिवाय या चाचणीत प्रगणक दारात गेलेच नाहीत, त्यामुळे दार न उघडण्याचा परिणाम तिने मोजलाच नाही.

याहून मोठी अडचण उत्तरांची. सरकारी नोंदींनुसार बिगर-नागरिक असलेल्या माणसांपैकी साधारण चौथा ते तिसरा हिस्सा पाहणीत ‘नागरिक’ म्हणून नोंदला गेला होता, असं अबाउड यांच्या टिपणात होतं. म्हणजे खर्च करायचा, घरं गमवायची आणि हाती यायचं ते नेमकं हव्या त्या ठिकाणी चुकलेलं उत्तर. त्यांनी सुचवलेला पर्याय होता सरकारी नोंदी जोडण्याचा. सोशल सिक्युरिटीच्या फाइलीत नागरिकत्वाची नोंद असते. व्यक्तीचं नाव काढून तिला सांकेतिक क्रमांक द्यायचा आणि फायली त्या क्रमांकावरून जुळवायच्या. दोष यातही आहेत. नव्याने नागरिक झालेला माणूस सोशल सिक्युरिटीला कळवायचं विसरतो आणि नोंद शिळी राहते. कागदपत्रं नसलेल्यांची तर नोंदच नसते. पण हे दोष माहीत असलेले आहेत, आणि त्यांच्यापायी कुणी फॉर्म भरायचं थांबत नाही.

ब्लॉकच्या पातळीवरचा मुद्दा तर मला पहिल्यापासून लंगडा वाटतो. कुणाचीही ओळख फुटू नये म्हणून २०२० पासून ब्युरो छोट्या भागांच्या आकड्यांत मुद्दाम थोडी गणिती चूक मिसळतो. गल्लीतल्या नागरिकांचा नेमका आकडा प्रश्न विचारूनही बाहेर आला नसता.

२७ जून २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. असा प्रश्न विचारायचा अधिकार सरकारला आहे, पण दिलेलं कारण रचलेलं दिसतं, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी पाच विरुद्ध चार मतांनी म्हटलं. फॉर्म छापखान्यात जायची वेळ येऊन ठेपली होती. प्रश्न गळाला, आणि ११ जुलैला नोंदी जोडण्याचा आदेश निघाला.

एवढं होऊनही २०२० मध्ये हिस्पॅनिक लोक ४.९९ टक्के कमी मोजले गेले. २०१० मध्ये ही तूट १.५४ होती. कोविड, मुदतीची ओढाताण आणि प्रश्न गळूनही उरलेली भीती, यांतल्या कशाचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही.

ही भीती निव्वळ मनाची म्हणता येणार नाही. आज माहिती फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. पण १९४२ मध्ये युद्धकाळातल्या कायद्याने गोपनीयतेचं संरक्षण उठवलं होतं, आणि जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत हलवताना ब्युरोचे आकडे वापरले गेले.

भारतात जनगणना आणि नागरिकत्वाची नोंद हे दोन कप्पे कायद्यानेच वेगळे आहेत. जनगणना कायदा १९४८ च्या कलम १५ नुसार जनगणनेच्या नोंदी कुणाला तपासता येत नाहीत, आणि २०११ च्या जनगणनेत नागरिकत्वाचा प्रश्न नव्हता. राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवही मात्र नागरिकत्वाच्या २००३ च्या नियमांखाली येते आणि २०१० मध्ये तिच्यात राष्ट्रीयत्व विचारलं गेलं. गोम एवढीच, की घरयादी आणि नोंदवही दोन्हींचं काम एकाच फेरीत झालं. दारातल्या माणसाच्या हातात कोणत्या कायद्याचा कागद आहे, हे घरातल्याला कसं कळावं?

अमेरिकेत विषय पुन्हा तापला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प यांनी बेकायदा राहणाऱ्यांना न मोजणाऱ्या नव्या जनगणनेची तयारी करायला सांगितल्याचं जाहीर केलं. पुढची ठरलेली जनगणना १ एप्रिल २०३० ची आहे. कायद्यानुसार तिचे विषय तीन वर्षं आधी आणि प्रश्नांचे नेमके शब्द दोन वर्षं आधी काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे ठेवावे लागतात, म्हणजे एप्रिल २०२७ आणि एप्रिल २०२८ पर्यंत. मागच्या खेपेला मार्च २०१७ मध्ये दिलेल्या विषयांच्या यादीत नागरिकत्व कम्युनिटी सर्व्हेपुरतंच होतं. वर्षभराने जनगणनेच्या प्रश्नांच्या यादीत ते अवतरलं. त्यामुळे या वेळी दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचाव्या लागतील.