बडोद्याचे राजजवाहीर

बडोद्याच्या गायकवाड घराण्याच्या जामदारखान्यातले हिरे, मोती, पाचू आणि त्यांचे घडवलेले दागिने. यांतले नामांकित खडे बहुतेक खंडेराव आणि मल्हारराव या दोन भावांच्या कारकिर्दींत, म्हणजे १८५६ ते १८७५ या काळात आले. पुढे १९४५ नंतरच्या तीसेक वर्षांत त्यांतले बरेचसे परदेशी पेढ्यांवर गेले. दागिने गादीचे की गादीवर बसणाऱ्याचे, हा या संग्रहाच्या इतिहासातला खरा तंटा आहे. दागिन्यांच्या देखणेपणावर पुष्कळ लिहिले जाते, या तंट्यावर मात्र फारसे कोणी बोलत नाही.

जामदारखाना म्हणजे वस्त्रे, जवाहीर आणि रोकड सांभाळणारे खाते. त्याचा अंमलदार तो जामदार. मराठी मुलखात हे आडनाव अजून भेटते. दागिना दरबारासाठी बाहेर निघायचा, मिरवायचा आणि परत कुलपात जायचा. अंगावर राजाच्या, ताबा खात्याचा, अशी ही व्यवस्था. राजा कर्ता आणि खातेही त्याचेच असल्यामुळे मालक कोण, असे विचारायची वेळ कधी आलीच नाही.

खंडेराव (कारकीर्द १८५६–७०) जवाहिराचे शौकीन. ‘स्टार ऑफ द साउथ’ हा १२८.४८ कॅरटांचा हिरा त्यांनी १८६७च्या सुमारास घेतला. किंमत ८०,००० पौंड सांगतात. १८५३ मध्ये ब्राझीलमधल्या बागाजेम इथे एका गुलाम बाईला तो सापडला. बक्षीस म्हणून तिला मुक्तता आणि तनखा मिळाल्याचे सांगतात. ॲमस्टरडॅमला पैलू पाडल्यावर तो निम्म्याहून थोडा कमी उरला आणि १८६२ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात लोकांनी तो पाहिला. त्याच खाणपट्ट्यातला ‘इंग्लिश ड्रेस्डेन’ही पुढे बडोद्यालाच आला, आणि दोन्ही एकाच हारात लोलकासारखे टांगले गेले. अकबरशहा नावाच्या हिऱ्याची कथा जरा कडू आहे. १८६६ मध्ये लंडनला त्याला नव्याने पैलू पाडले. वजन ११६ वरून सुमारे ७२ कॅरटांवर आले आणि त्यावर कोरलेली मोगल बादशहांची अक्षरे पार गेली. गायकवाडांनी घेतला तो हा बोडका हिरा.

खंडेरावांची सर्वांत विलक्षण वस्तू मात्र दागिना नव्हेच. मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर चढवण्यासाठी त्यांनी १८६५च्या सुमारास मोत्यांची चादर करवून घेतली, असे परंपरेने सांगतात. हरणाच्या कातड्यावर आणि रेशमावर पंधरा ते वीस लाख बारीक बसरा मोती ओवलेले. वेलबुट्टीत रंगीत मणी. मध्यावर हिऱ्यांची तीन मोठी फुले, शिवाय माणिक, पाचू, नीलम. साधारण पावणेदोन मीटर रुंद आणि अडीच मीटरांहून जास्त लांब. जवळून पाहिले तर मोत्यांच्या ओळींत फट अशी दिसतच नाही, साबुदाणा पसरून ठेवावा तशी ती दिसते. एका हिंदू मराठा राजाने हे करवावे याचे आज काहींना नवल वाटते, बडोद्यात तेव्हा ते कोणाला वाटल्याचे दिसत नाही. चादर मदिनेला पोचलीच नाही. ती बडोद्यात राहिली आणि १९०३च्या दिल्ली दरबाराच्या वेळी तिथल्या कलाप्रदर्शनात मांडली गेली.

मल्हारराव (१८७०–७५) यांच्या नावावर सोन्याच्या तोफा आहेत आणि एक पेला सरबत. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांना आपल्या पपनसाच्या सरबताच्या तळाशी गडद गाळ दिसला. मुंबईला तपासणी झाली तेव्हा त्यात सोमल (आर्सेनिक) निघाला आणि सोबत हिऱ्याची पूड. हिऱ्याची कणी खाल्ली की आतडी कापून माणूस मरतो, ही समजूत आपल्याकडे जुनी. प्राण घेण्याचे काम खरे तर सोमलाचेच. पण पुडीमुळे चौकशीचा काटा थेट जामदारखान्याकडे वळला आणि जवाहिऱ्यांच्या साक्षी झाल्या. मल्हाररावांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगावर तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद होते. हिंदी सभासदांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. आयोगात फूट पडली. इंग्रज सरकारने मग विषाचा मुद्दा बाजूला ठेवून गैरकारभाराच्या कारणावरून एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले. गादीवरचा माणूस गेला आणि खजिना जागच्या जागी राहिला. जवाहीर गादीचे होते याचा याहून चांगला पुरावा मिळणे अवघड.

त्याच वर्षी खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी नाशिककडच्या कवळाण्याचा एक मुलगा दत्तक घेतला. हेच सयाजीराव तिसरे. कवळाण्याचा गोपाळ एका समारंभात या सगळ्या हिऱ्यांचा धनी झाला. त्यांच्या चित्रांत आणि छायाचित्रांत दागिन्यांचा थाट दिसतो: पगडीवर शिरपेच, छातीवर सात पदरी मोत्यांचा हार. ते घालणे हौसेचे नव्हते, तो पदाचा पोशाख होता. म्हणून १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात ते जवाहीर न घालता, हाती छडी घेऊन पाचव्या जॉर्जसमोर आले, एकदाच वाकले आणि पाठ वळवून परतले, तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांनी गिल्ला केला. पाठ फिरवली हा एक राग. उघडा गळा हा दुसरा. दागिने न घालणे हेही बोलणे असते, हे त्या दिवशी सर्वांना कळले.

सयाजीराव १९३९ मध्ये वारले. नातू प्रतापसिंह गादीवर आले आणि चार वर्षांत त्यांनी पिठापूरमच्या सीतादेवींशी दुसरे लग्न केले. पहिल्या राणी शांतादेवी हयात होत्या. आधीचा विवाह मोडण्यासाठी सीतादेवींनी काही काळ इस्लाम धर्म स्वीकारला होता. युद्ध संपल्यावर सीतादेवी मोनॅकोला राहू लागल्या आणि जामदारखान्यातल्या वस्तू त्यांच्यामागून समुद्रापार गेल्या. सात पदरी हार, ‘स्टार ऑफ द साउथ’चा हार आणि मोत्यांची चादर यांची नावे त्यांत येतात. १९४८च्या छायाचित्रात सीतादेवींच्या गळ्यात तो हिऱ्यांचा हार स्पष्ट दिसतो.

१ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई प्रांतात विलीन झाले आणि इतके दिवस कोणी न विचारलेला प्रश्न कागदावर आला. विलीनीकरणाच्या करारांच्या साधारण मसुद्यात राजाची खासगी मालमत्ता त्याच्याकडे आणि राज्याची मालमत्ता सरकारकडे, असा सरळ वाटा होता. यादी मागितली ती स्थावर, रोखे आणि रोकड यांची. जवाहिराचे काय, हे दर ठिकाणी वेगळे भांडावे लागले. बडोद्यात हिशेब तपासताना खजिन्यातून बिनव्याजी उचललेल्या मोठ्या रकमा आणि बाहेर गेलेले दागिने उघडकीला आले. १९५१ मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहांची राजा म्हणून मान्यता काढून घेतली आणि त्यांचे पुत्र फत्तेसिंहराव गादीवर आले. पुन्हा तेच: माणूस बदलला. या खेपेला मात्र खजिना जागेवर नव्हता.

पुढची विक्री तुकड्यातुकड्यांनी झाली. सीतादेवींचे पाचू-हिऱ्यांचे पायातले अलंकार १९५३ मध्ये न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी घेतले, त्यांतले खडे काढून गळ्यातला हार केला आणि तो डचेस ऑफ विंडसर, म्हणजे गादी सोडलेल्या आठव्या एडवर्डच्या पत्नी, यांनी विकत घेतला. १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मेजवानीत दोघी समोरासमोर आल्या. हे खडे माझ्या पायातही असेच शोभायचे, असे सीतादेवी म्हणाल्या आणि डचेसने हार परत केला, असा किस्सा आहे. यातली धार मराठी माणसाला पटकन कळते. आपल्याकडे सोने ही लक्ष्मी, ती कमरेखाली घालत नाहीत, पायात चांदी. पायात सोने आणि जवाहीर घालण्याची मुभा राजघराण्याचीच. त्यामुळे तो टोमणा दागिन्यापेक्षा पदाला लागला.

‘मून ऑफ बरोडा’ हा २४.०४ कॅरटांचा पिवळसर हिरा याच घराण्यातून अमेरिकेत डेट्रॉइटच्या पेढीकडे गेला आणि १९५३ मध्ये हॉलिवूडची नटी मेरिलिन मन्रो हिने तो प्रसिद्धीच्या छायाचित्रांसाठी गळ्यात घातला. ‘स्टार ऑफ द साउथ’ आधी मुंबईच्या एका पारशी खरेदीदाराकडे आणि २००२ मध्ये कार्तिये पेढीकडे गेला. सात पदरी हाराच्या मोत्यांतून निवडलेला ६८ मोत्यांचा दुपदरी हार एप्रिल २००७ मध्ये न्यूयॉर्कला सुमारे ७१ लाख डॉलरला गेला. त्यातला सर्वांत मोठा मोती १६ मिलिमीटरचा. मोत्यांची चादर मार्च २००९ मध्ये दोहाच्या लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरला विकली गेली. आता ती कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

तुलनेसाठी हैदराबाद. निजामाने १९५०च्या दशकाच्या आरंभी जवाहिराचे विश्वस्त निधी केले. त्यामुळे एकट्या वारसाला ते फुंकता आले नाही. लांबलेल्या कोर्टकचेरीनंतर १९९५ मध्ये भारत सरकारने १७३ नग सुमारे २१८ कोटी रुपयांना घेतले. त्यांतल्या जेकब हिऱ्याचे वजन १८४.७५ कॅरट. देशाबाहेर विकले तर कितीतरी जास्त आले असते, अशी कुरकूर तेव्हा झाली, पण खजिना एकत्र राहिला. बडोद्यात असा निधी नव्हता.

बाकी संस्थानिकांसाठी कायद्याने मधला मार्ग काढला. १९५७च्या संपत्तिकर कायद्यात, राजाची खासगी नसलेली आणि ‘वंशपरंपरागत’ म्हणून मान्यता मिळालेली आभूषणे करमुक्त ठेवली. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे आणि पदव्या गेल्यावर सवलतीला अटी जोडल्या: दागिने कायम भारतात ठेवायचे, मूळ घडण शक्यतो मोडायची नाही, अधिकाऱ्याने मागितल्यास दाखवायचे. घालायला बंदी नाही, मोडायला आहे. लग्नात मिरवावे, पण सुनेच्या आवडीने कोंदण बदलू नये. अट मोडली तर सूट गमावायची आणि मागचा कर भरायचा. २०१६ पासून संपत्तिकरच उरला नाही, त्यामुळे या अटींचा धाकही गेला. राहिला तो १९७२चा पुरावस्तू कायदा. तो शंभर वर्षांहून जुना दागिना परदेशी नेऊ देत नाही. घरच्या घरी वाटणी करताना जुना हार दोन भावांत मोडून वाटला, तर त्यावर तो गप्प आहे.