आपत्कालीन हवाबंद झडप (डिझेल इंजिन)

ताब्याबाहेर जाऊन आपोआप वेग घेणाऱ्या डिझेल इंजिनाची हवा तोडून ते बंद पाडणारी झडप. मिरकरवाडा, हर्णे, देवगड, मालवण या कोकणातल्या बंदरांतले ट्रॉलर डिझेलवरच चालतात. तरी ही झडप इथे असायला हवी तितकी परिचयाची नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये दाबलेली हवाच इतकी तापते की इंधन फवारताच पेटते. एरवी स्टॉप केबल ओढली की पंपाकडून येणारे डिझेल तुटते आणि इंजिन थांबते. पण टर्बोचे (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याचे) सील झिजले, पिस्टन रिंग गेल्या किंवा ऑइलबाथ एअर फिल्टरमध्ये (तेलातून हवा गाळणाऱ्या फिल्टरमध्ये) खुणेच्या वर तेल भरले, तर वंगणाचे तेल हवेबरोबर आत जाऊन इंधनासारखे जळते. वेग वाढेल तसे तेल जास्त ओढले जाते. मग केबल ओढून उपयोग नसतो. निळसर-पांढऱ्या धुराचे लोट निघतात, आवाज चढत जातो आणि शेवटी पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड तुटून क्रँककेस (इंजिनाची खालची पेटी) फोडून बाहेर येऊ शकतो.

इंधनपंपाचा रॅक (किती डिझेल जावे ते ठरवणारी सरकती दांडी) अडकूनही इंजिन असेच पळते. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत दमट हवेत उभ्या राहिलेल्या इंजिनाला हा धोका असतो, म्हणून हंगामाच्या पहिल्या स्टार्टआधी रॅक मोकळा सरकतो का ते पाहावेच. इथे डिझेल तोडूनही काम भागते. पण ऐन वेळी दोन्हींतला फरक ओळखत बसायला सवड नसते. हवा तोडणे दोन्हींवर लागू पडते.

झडपेत स्प्रिंगवर ताणून धरलेली गोल पाकळी किंवा सरकती पट्टी असते. झडप टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारी नळी) यांच्या मध्ये बसवावी. टर्बोच्या अलीकडे, म्हणजे एअर फिल्टरच्या बाजूला, बसवली तर बंद होताना निर्माण होणारी पोकळी सीलमधून आणखी तेल ओढू शकते. ट्रॉलरचे इंजिन डेकखाली अडचणीत असते, त्यामुळे झडपेची केबल तांडेलाच्या हाताशी, केबिनमध्ये आणलेली बरी. वेगमर्यादा ओलांडताच आपोआप मिटणाऱ्या झडपाही मिळतात.

हवेत ज्वलनशील वाफ असली तर ती ओढूनही इंजिन पळते. टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २००५ साली १५ कामगार दगावले. तिथे वाफेच्या ढगात सापडलेल्या डिझेल पिकअपचे इंजिन असेच पळाले होते. उरण, दाभोळ यांसारख्या ठिकाणी, जिथे वायू हाताळला जातो, तिथे डिझेल वाहनांना ही झडप म्हणूनच हवी.

झडप नसेल तर हवेच्या तोंडावर त्याहून मोठी जाड फळी दाबून धरतात किंवा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक तोंडात सोडतात. चिंधी कोंबली तर ती आत ओढली जाते आणि हात लावला तर गंभीर इजा होते, म्हणून चिंधी आणि हात दोन्ही टाळावेत. बंद इंजिनखोलीत कार्बन डायऑक्साइड माणसालाही गुदमरवतो. इंजिनाच्या कुशीला तर क्षणभरही उभे राहू नये.

खाऱ्या हवेने स्प्रिंग आणि पाकळी गंजून अडकते, म्हणून झडप अधूनमधून मंद वेगावर मिटवून पाहावी लागते. एकदा पळालेले इंजिन थांबल्यावर इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग) आणि हवेचे पाइप उघडून आत साचलेले तेल काढावे. नाहीतर पुढच्या स्टार्टला तेच तेल पुन्हा पेटते.