छपाईत खोट दिसली तर आधी हे पाहा
(पाऊच आणि फिल्म रोल घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

रोल पोचतो, पॅकिंग मशीनवर चढतो आणि तुमचा फोन येतो, "छपाई खराब आलीय." एवढ्यावरून आम्हाला फारसं काही कळत नाही आणि तिकडे तुमची मशीन, माणसं खोळंबून बसलेली असतात. खोट कसली आहे हे तुम्हाला ओळखता आलं, तर निम्मा उलगडा फोनवरच होतो. कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमधून हळद, मिरची पूड, बेसन, बेदाण्यांची पाकिटं छापून जातात. या कामात वारंवार दिसणाऱ्या खोटी इथे सांगितल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच आमच्या हातून होतात, काही डिझाइनमध्येच असतात आणि काही गोदामात तयार होतात.

छपाई होते कशी

आम्ही फ्लेक्सो पद्धतीने, म्हणजे उठावाच्या मऊ प्लेटने छापतो. ही प्लेट पॉलिमरची असते. रबरी शिक्क्यासारखी अक्षरं तिच्यावर वर उठलेली असतात. तिला शाई देतो तो ॲनिलॉक्स रोलर. त्याच्या अंगावर डोळ्याला न दिसणारे खळगे कोरलेले असतात. इंचाला ४०० ओळींचा रोलर असेल, तर एका मिलिमीटरमध्ये जवळपास १६ ओळी बसतात. खळग्यांत शाई भरते, वरची जास्तीची शाई डॉक्टर ब्लेड नावाची पातळ पट्टी निपटून काढते आणि उरलेली मोजकी शाई प्लेटवर जाते. मग प्लेट फिल्मला टेकते. टेकते, एवढंच. तिने फिल्म दाबायची नाही. सगळ्या कामाचा जीव या टेकण्यात आहे.

अक्षरांच्या कडा पाहा

दहा पटीचं साधं भिंग घ्या आणि एखादं ठळक अक्षर पाहा. अक्षराच्या कडेने गडद रेघ, तिच्या आत थोडा फिका पट्टा आणि मग पुन्हा भरीव रंग असं दिसलं, तर प्लेटचा दाब जास्त झाला आहे. मऊ प्लेट दबली की शाई मधून कडेला ढकलली जाते. फोटोतले बारीक ठिपकेही अशाने फुगतात आणि चित्र काळवंडतं. मशीनमन दाब का वाढवतो? बहुतेक वेळा प्लेट सिलिंडरवर सपाट बसलेली नसते, एखादा भाग उमटत नाही आणि तेवढा भाग उमटावा म्हणून सगळ्या प्लेटवर दाब दिला जातो. खरा उपाय म्हणजे मशीन थांबवून प्लेट पुन्हा चिकटवणं. त्यात वेळ जातो, पण तो आम्ही घालवलाच पाहिजे.

कडा केसाळ दिसत असतील, शाईचे बारीक तंतू बाहेर आले असतील, तर शाई प्लेटवरच वाळते आहे. सॉल्व्हंट (शाई पातळ ठेवणारं द्रव) फार लवकर उडणारं असलं किंवा ड्रायरची गरम हवा प्लेटवर येत असली की असं होतं. सांगली भागातल्या एप्रिल-मेच्या दुपारी हा त्रास सर्वात जास्त.

रेघ कुठल्या दिशेने आहे?

रोलच्या लांबीच्या दिशेने एकच बारीक रेघ मीटरच्या मीटर सरळ चालली असेल, तर डॉक्टर ब्लेडखाली वाळल्या शाईचा कण अडकला आहे किंवा ब्लेडला खाच पडली आहे. आडवे, फिके-गडद पट्टे एकसारख्या अंतरावर येत असतील, तर संशय गिअरवर घ्यायचा. पट्ट्यांमधलं अंतर मोजा. एक अष्टमांश इंच पिचचा (पिच म्हणजे शेजारच्या दोन दातांमधलं अंतर) गिअर असेल आणि पट्टे बरोबर ३.१७५ मिमीवर येत असतील, तर दाताची झीज किंवा चुकीची गुंतण हेच कारण.

ठिपका किंवा डाग पुन्हा पुन्हा येत असेल, तर त्याचंही अंतर पट्टीने मोजून कळवा. ते डिझाइनच्या रिपीटइतकंच (डिझाइन जितक्या लांबीवर पुन्हा येतं तितकंच) असेल, तर प्लेटला इजा झाली आहे किंवा तिच्यावर कचरा चिकटला आहे. अंतर वेगळं असेल, तर दुसऱ्याच एखाद्या रोलरचा घेर त्याच्याशी जुळतो का, हे आम्ही तपासतो. तुमचं एक माप आमचा तासभर वाचवतं.

देवनागरी अक्षरं

या विषयावर आम्हाला जास्त बोलायचं आहे, कारण डिझाइन बहुधा कॉम्प्युटरच्या पडद्यावर मोठं करून पाहिलं जातं आणि पाकिटावर ते अंगठ्याएवढं होतं.

'ब'चं पोट आणि त्यातली तिरकी रेघ पाहा. अक्षर बारीक असलं आणि शाई जराशी पसरली, की पोट बुजतं आणि 'बेसन' आहे की 'वेसन' ते कळत नाही. गडद रंगात पांढरं अक्षर कोरलेलं असेल, तर चारही बाजूंनी शाई आत सरकते आणि वेलांटी, रफार, जोडाक्षरं आधी बुजतात. अनुस्वाराचं दुखणं निराळंच. प्लेटवर तो एकटा उभा असलेला ठिपका असतो. प्लेट धुताना तो निघून जाऊ शकतो किंवा छापताना वाकतो. एका ग्राहकाच्या पाकिटावर 'चिंच'ची 'चिच' झाली होती. प्रूफमध्ये अनुस्वार होता, प्लेटवरून उडाला आणि पहिला रोल संपेपर्यंत आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हापासून प्लेट मशीनवर चढण्याआधी आमचा माणूस भिंगाखाली अनुस्वार मोजतो.

तुम्हाला विनंती अशी, की घटक, पत्ता, तारखेची सूचना असा बारीक मजकूर एकाच गडद रंगात ठेवा. तो दोन-तीन रंग मिसळून छापला, की रंग केसभर सरकले तरी अक्षराला सावली येते. आमचं मशीन स्टॅक पद्धतीचं, म्हणजे प्रत्येक रंगाचा छपाईचा भाग वेगळा असलेलं आहे. एका रंगाकडून दुसऱ्याकडे जाताना फिल्म मोकळी ताणलेली असते आणि पातळ पॉलिथिन तर ताणाने लांबतंच. म्हणून शेजारच्या दोन रंगांत आम्ही थोडा एकावर एक भाग ठेवतो. डिझायनरने तो काढून टाकू नये. नाहीतर दोन रंगांच्या मध्ये पांढरी फट दिसेल.

रंग मागच्यासारखा नाही

मशीन चालू असताना शाईतलं सॉल्व्हंट सतत उडतं. शाई घट्ट होते, रंग गडद होतो. मग कुणी अंदाजाने सॉल्व्हंट ओतलं, की रंग एकदम फिका पडतो. यासाठी आम्ही दर अर्ध्या तासाने बी-४ कपातून (तळाला भोक असलेल्या मापाच्या कपातून) शाई किती सेकंदांत गळते ते मोजून रोलच्या कार्डावर लिहितो. रंग सगळीकडेच दमलेला किंवा चट्ट्याचट्ट्याने फिका असेल, तर ॲनिलॉक्सचे खळगे वाळल्या शाईने भरलेले असण्याची शक्यता मोठी.

पण शेड, म्हणजे रंगाची छटा, तपासताना रिकामं पाऊच टेबलावर ठेवून निर्णय घेऊ नका. पारदर्शक फिल्मवर लाल रंग छापला, त्यामागचा पांढरा थर पातळ राहिला आणि आत हळद भरली, की लाल नारिंगीकडे झुकतो. पाकीट मालाने भरा, दिवसाच्या उजेडात धरा आणि मग मंजुरी द्या. मंजूर तुकड्यावर सही आणि तारीख घालून एक तुमच्याकडे, एक आमच्याकडे ठेवू. व्हॉट्सॲपवरच्या फोटोवरून शेड ठरवणं आम्ही बंद केलं आहे.

शाई सुटते, चिकटते

छपाईवर सेलोटेप अंगठ्याने दाबून लावा आणि झटक्यात ओढा. टेपबरोबर शाई आली, तर पहिली शंका फिल्मच्या ट्रीटमेंटची, म्हणजे शाई धरावी म्हणून फिल्मच्या पृष्ठभागावर केलेल्या प्रक्रियेची. पॉलिथिनला शाई मुळात धरतच नाही. त्याची पृष्ठऊर्जा (शाईला धरून ठेवण्याची पृष्ठभागाची ताकद, ती डाइनमध्ये मोजतात) साधारण ३१ डाइन असते. कोरोना ट्रीटमेंटने (पृष्ठभागावर विजेचा मारा करून) ती निदान ३८ पर्यंत न्यावी लागते आणि फिल्म पडून राहिली की ती पुन्हा उतरते. फिल्ममधलं स्लिपचं द्रव्य (फिल्म सरकती राहावी म्हणून घातलेलं) वर येऊन पकड आणखी कमी होते. एका ग्राहकाने स्वतःची फिल्म छापायला आणली होती. पावसाळ्याआधीपासून त्यांच्या गोदामात होती. छपाई सुरेख दिसली, पण नखाने खरवडली तर शाई पापुद्र्यासारखी निघाली. नंतर ३८ चं डाइन पेन (पृष्ठऊर्जा तपासण्याचं पेन) ओढून पाहिलं, तर रेघ टिकेना, तिचे थेंब झाले. ही चाचणी आम्ही छापण्याआधी करायला हवी होती. आता बाहेरून आलेल्या प्रत्येक रोलवर आधी पेन फिरतं. छपाईत टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसत असतील, तरी ट्रीटमेंट हे एक कारण असतं. धूळ आणि बुजलेले खळगे ही बाकीची.

रोल उलगडताना चरचर आवाज येऊन शाई मागच्या बाजूला चिकटत असेल, तर शाई ओली असताना रोल गुंडाळला गेला, फार घट्ट गुंडाळला गेला किंवा उन्हात तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये एकावर एक रचून ठेवला गेला. पहिली दोन कारणं आमची. तिसऱ्यासाठी रोल सावलीत आणि टांगून किंवा उभे ठेवा.

वासाकडे दुर्लक्ष नको

खाण्याच्या मालासाठी एवढं कराच. छापलेल्या फिल्मचे तुकडे काचेच्या बरणीत घालून झाकण लावा, कोमट जागी तासभर ठेवा, मग उघडून वास घ्या. सॉल्व्हंटचा उग्र दर्प आला तर तो रोल वापरू नका, आम्हाला परत द्या. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनुसार अन्नाच्या वेष्टनावरची शाई आयएस १५४९५ या भारतीय मानकाप्रमाणे हवी. तुमच्या कामाला वापरलेल्या शाईचं प्रमाणपत्र मागा, ते देणं आमचं कामच आहे.

बारकोड

बारकोडच्या उभ्या रेघा रोल चालतो त्या दिशेने ठेवू द्या. आडव्या आल्या तर प्रत्येक रेघ जाड होते आणि स्कॅनर अडतो. रंगाचंही लक्षात असू द्या. दुकानातले बहुतेक लेझर स्कॅनर लाल प्रकाशाचे असतात. लाल प्रकाशाला पिवळा रंग पांढऱ्यासारखाच दिसतो, म्हणून हळदीच्या पिवळ्या पाकिटावर काळा बारकोड व्यवस्थित वाचला जातो. मिरचीच्या पाकिटावर शोभतो म्हणून लाल रेघांचा बारकोड मागितला, तर स्कॅनरला तिथे काहीच दिसणार नाही. ईएएन-१३ चं (दुकानातल्या मालावरच्या नेहमीच्या १३ अंकी बारकोडचं) मूळ माप ३७.२९ × २५.९३ मिमी आहे आणि ८० टक्क्यांखाली ते नेऊ नये. दोन्ही बाजूंची मोकळी जागा लोगो बसवण्यासाठी खाऊ नका.

तक्रार कशी पाठवाल

रोलच्या गाभ्यात चिकटवलेली चिठ्ठी फाडू नका. तिच्यावरच्या नंबरावरून तो कुठल्या दिवशी, कुठल्या पाळीत छापला हे कळतं. खोट असलेला निदान एक मीटरचा तुकडा कापा आणि फिल्म कुठल्या बाजूने सुटत होती तो बाण मार्करने काढा. खोट रोलच्या सुरुवातीला आहे की आतपर्यंत आहे तेही लिहा. तुकड्याची घडी घालू नका, गुंडाळून पाठवा. घडीवर शाई तडकते आणि मग मूळ खोट शोधणं अवघड होतं.