दिंडोरी-निफाडच्या छोट्या वायनऱ्या आणि 'वाईन शॉप'चा घोळ

ऐंशीच्या दशकात नारायणगाव, पिंपळगाव बसवंतला फेसाळ वाईन निघायची, ते असो. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी-निफाडच्या छोट्या वायनऱ्यांची गोष्ट खरी सुरू होते 2001 ला. राज्याने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, एक्साईज माफ केली, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क काढले, मग टेबल म्हणजे खायच्या द्राक्षाच्या भावाला वैतागलेल्यांनी थॉम्पसन या खायच्या जातीच्या जागी शिराझ, कॅबर्नेट, शेनिन या वाईनच्या जाती लावल्या. ही द्राक्षं वेगळीच, बारीक, बियांची, जाड सालीची, पाहुण्याला दिली तर दुसरा मणी उचलत नाही! जीएत, म्हणजे मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडात, बुडवून फुगवायचीही नाहीत, कारण रंग सगळा सालीत. पहाटे गारव्यात क्रेट भरायचे, रिफ्रॅक्टोमीटर या साखर मोजायच्या यंत्रावर रसाचा थेंब टाकायचा, ब्रिक्स म्हणजे साखरेचा आकडा 22-24 आला की तोडणी.

मग 2008-09 ची मंदी, त्यात मुंबईवरचा हल्ला, हॉटेलं ओस, टाक्या भरलेल्या, कराराची द्राक्षं कुणी उचलेना. कित्येकांनी बागा तोडल्या.

पण खरी भानगड शब्दाची आहे. आपल्याकडे 'वाईन शॉप' म्हणजे जाळीमागे व्हिस्की, रम, बिअर आणि वरच्या फळीवर धूळ खात दोन-चार वाईनच्या बाटल्या. त्यामुळे जानेवारी 2022 ला मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी दिली तेव्हा लोकांनी ऐकलं ते 'किराणा दुकानात दारू'. प्रत्यक्षात दुकान 100 चौरस मीटरच्या वरचं हवं, वाईनचं कपाट वेगळं, शाळा-देवळाजवळ नाही, दारूबंदीच्या जिल्ह्यात तर नाहीच. हे कुणी वाचलंच नाही. समर्थकांनीही 'वाईन म्हणजे दारू नव्हे' म्हणून घोळ वाढवला, कारण 12-13 टक्के अल्कोहोल असतं हो त्यात, बिअरच्या दुप्पट! आणि शेतकऱ्याचं भलं म्हणाल तर जिल्ह्यातली बहुतेक द्राक्षं खायचीच, वाईनला जातात ती थोडी. तरी मला वाटतं निर्णय बरा होता, निदान छोट्यांना एक फळी मिळाली असती. उपोषणाचे इशारे आले, हरकती मागवल्या, जूनमध्ये सरकारच बदललं, अंमलबजावणी राहिली ती राहिलीच.

स्वतःच्या चार-पाच एकरातलीच द्राक्षं गाळणाऱ्याला दुकानदार उभा करत नाही, परराज्यात जायचं तर प्रत्येक ठिकाणी लेबलची नोंदणी वेगळी, फी वेगळी. म्हणून शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात त्यांना गेटवरच चव द्यायची, तिथेच बाटली विकायची. गेटवर पाटी मात्र 'वायनरी'ची, 'वाईन' एवढंच लिहिलं तर बाईकवाले थांबून क्वार्टर मागतात.